गाडगेबाबा आणि यकृताची जोडीने येणारी दुखणी

अमरावती जिल्ह्यात, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव हे छोटेसे गाव आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तेथील एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. हाच मुलगा पुढे गाडगेबाबा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. हातात खराटा, डोक्यावर फुटके गाडगे, अंगावर चिंध्यांची गोधडी आणि रात्री कीर्तन ही त्यांची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. आरोग्याच्या बाजूने पाहिले, तर त्यांचे चरित्र त्यांच्या वडिलांपासून सुरू करावे लागते.

झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. देवाला दाखवलेला नैवेद्य म्हणून, पाहुणचार म्हणून, जातीच्या रीतीभाती म्हणून दारू घरात येत होती. ती रोजची झाली आणि हळूहळू घरदार, शेतीवाडी, गुरेढोरे सगळे गेले. १८८४ मध्ये झिंगराजी वारले, तेव्हा डेबू जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली. हे माहेर म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे.

झिंगराजींच्या मृत्यूला आज एखाद्या आजाराचे नाव चिकटवणे योग्य होणार नाही. पण रोज दारू पिणाऱ्या माणसाच्या शरीरात काय घडते, हे आता वैद्यकाला चांगले माहीत आहे. त्याचा सर्वांत मोठा भार यकृतावर पडतो. ते घडत असताना घरच्यांना काय दिसते आणि त्याचा अर्थ कसा लावला जातो, हा आजही वऱ्हाडातल्या कितीतरी घरांचा प्रश्न आहे.

गप्प राहणारा अवयव

उजव्या बरगड्यांखाली असलेले यकृत मोठ्या माणसात साधारण दीड किलो वजनाचे असते. अन्नातून आलेली साखर साठवणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने बनवणे, रक्तातली विषारी द्रव्ये निकामी करणे अशी कामे ते सतत करत असते. त्याची राखीव ताकद मोठी आहे. बराच भाग खराब झाला तरी उरलेला भाग काम निभावून नेतो. शिवाय यकृताच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाहीत, त्याच्या वरच्या आवरणावर ताण आला तरच दुखते. म्हणून यकृत बिघडत असते तेव्हा माणूस हिंडता-फिरता असतो.

दारूमुळे आधी यकृतात चरबी साठते, मग सूज येते. सूज वर्षानुवर्षे राहिली, की निरोगी पेशींच्या जागी कडक तंतू तयार होतात आणि यकृत आक्रसून गाठीगाठींचे होते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा अशा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. त्यामुळे रुग्णाला एकाच वेळी दोन आजारांशी झुंजावे लागते. एक कर्करोग आणि दुसरा यकृताचा जुना आजार. दोघांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. या रुग्णाला एकच एक त्रास क्वचित असतो, त्याच्याकडे त्रासांची झुंबड असते, त्याचे कारण हेच.

दापुऱ्याचा डेबू

मामाच्या घरी डेबूचे बालपण गुरांमागे गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गोठा झाडणे, गुरे राखणे, नांगरट, पेरणी यांत तो पटाईत झाला. कष्ट आणि स्वच्छता या दोन सवयी दापुऱ्याच्या गोठ्यात आणि शेतात लागल्या, त्या शेवटपर्यंत टिकल्या. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मामाची जमीन सावकाराच्या व्यवहारात अडकली आणि निरक्षर माणसाला कागद कसा बुडवतो, हे डेबूजींनी घरातच पाहिले.

पहिल्या मुलीच्या बारशाला त्यांनी पहिले मोठे बंड केले. अशा प्रसंगी जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, ही रीत होती. डेबूजींनी दोन्ही बंद करून गोड जेवण घातले. बिरादरीत कुरकुर झाली, पण ते हटले नाहीत. ज्या रीतीने वडिलांच्या हातात पहिला पेला दिला, ती रीत त्यांनी आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

या बंडाचे वैद्यकीय मोल समजायला बराच काळ जावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये दारूचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. त्यात देशी, विदेशी, मोहाची, महागडी असा भेद नाही. अपाय अल्कोहोलमुळे होतो आणि ते सगळ्यांत असते.

मात्र यकृताचा कर्करोग म्हणजे दारुड्याचा आजार, ही समजूत चुकीची आहे. हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू हे त्याचे फार मोठे कारण आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्यांच्या यकृतात साठणारी चरबी हे वाढत चाललेले कारण आहे. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हेही एक कारण आहे. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईलाही हा आजार होऊ शकतो. तिच्या आजाराकडे संशयाने पाहिले गेले, की ती त्रास सांगायचेच थांबते आणि निदान आणखी लांबते.

घर सुटले, गाव मिळाले

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. पुढची बारा वर्षे ते अनोळखी माणसासारखे गावोगाव फिरले. गावात शिरले की आधी खराट्याने रस्ते, गटारे झाडायची, कोणी भाकर दिली तर काम करून मगच खायची, पाया पडू द्यायचे नाही, शिष्य करायचा नाही, असा त्यांचा नेम होता. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी असलेल्या ऋणमोचनच्या यात्रेत ते वर्षानुवर्षे जात. तेथे येणाऱ्या लोकांचे हाल पाहून त्यांनी १९०८ मध्ये नदीवर घाट बांधण्याचे काम हाती घेतले.

रात्री कीर्तन असे. त्यात पोथीपुराण कमी आणि प्रश्नोत्तरे जास्त. बाबा समोरच्या शेतकऱ्याला साधे प्रश्न विचारत आणि त्याच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज का झाले, बोकड का कापला, मुलगा शाळेत का नाही, घरात दारू कधी आली. एकेका उत्तरातून दुसरा प्रश्न निघे. ऐकणाऱ्याच्या लक्षात येई, की आपल्या घरातल्या अडचणी सुट्या सुट्या नाहीत. नवसासाठी कर्ज, कर्जासाठी सावकार, सावकाराच्या काळजीने दारू, दारूने पुन्हा कर्ज आणि या सगळ्यात पोराची शाळा बुडालेली. एक धागा ओढला की सगळी गाठ हलते. बाबांनी दारू, अस्वच्छता, अंधश्रद्धा आणि निरक्षरता यांवर एकाच कीर्तनात बोट ठेवले, ते याचसाठी.

आजारपणाच्या बाबतीतही हीच गोष्ट खरी आहे. घरात यकृताचा रुग्ण असला, की घरचे प्रत्येक त्रासाला वेगळे कारण शोधतात. भूक नाही म्हणजे तोंडाला चव नाही. थकवा म्हणजे वय झाले. पोट फुगले म्हणजे गॅस. डोळे पिवळे म्हणजे कावीळ, मग माळ घालून ती उतरवायची, हळद आणि तेल बंद करायचे, उसाचा रस पाजायचा. रात्री झोप नाही आणि दिवसा डुलक्या म्हणजे आळस. बोलण्यात गोंधळ म्हणजे चोरून प्यायला किंवा बाहेरचे काही लागले. अशी सहा दुखणी सहा दारांवर जातात आणि या सगळ्यांमागे एकच यकृत असू शकते, हे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

लक्षणांचे गट म्हणजे काय

कर्करोगाच्या रुग्णाची लक्षणे एकेकटी न मोजता गटाने पाहावीत, हा विचार २००१ मध्ये अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या संशोधकांनी नीट मांडला. एकाच वेळी असणारी आणि एकमेकांशी नाते असणारी तीन किंवा अधिक लक्षणे म्हणजे एक गट, अशी त्यांची व्याख्या होती. पुढे दोन लक्षणांनाही गट मानले जाऊ लागले. गटातल्या लक्षणांचे मूळ एकच असेल असे नाही, पण ती एकत्र येतात आणि एकमेकांना वाढवतात. तीन त्रास एकत्र आले तर रुग्णाचे हाल तिपटीहून अधिक होऊ शकतात. उलट त्यातला एक कमी केला, तर बाकीचेही हलके होऊ शकतात.

यकृताच्या कर्करोगात ढोबळमानाने असे पाच गट दिसतात.

पहिला गट थकवा, वेदना आणि झोपमोड यांचा. उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणे असते. कधी यकृताची गाठ वरच्या पडद्याला टेकते आणि दुखणे चक्क उजव्या खांद्यात जाणवते. खांद्याला मलम चोळून ते जात नाही. दुखल्यामुळे झोप मोडते, झोप नसल्याने थकवा वाढतो आणि थकलेल्या माणसाला तीच वेदना जास्त वाटते. कर्करोगामुळे शरीरात तयार होणारी दाहाची रसायनेही थकवा, मरगळ आणि भूकमोड एकदम आणतात. हा थकवा विश्रांतीने जात नाही, ही त्याची खूण.

दुसरा गट पोटाचा. भूक मंदावते, चार घासांत पोट भरते, मळमळते, पोट फुगते. सिऱ्हॉसिसमध्ये यकृतातून रक्त नीट वाहत नाही, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिनही कमी होते. त्यामुळे पोटात पाणी साठते. जुने लोक याला जलोदर म्हणत. पाण्याचा दाब जठरावर आणि छातीच्या पडद्यावर येतो, म्हणून जेवण जात नाही आणि आडवे पडले की दम लागतो. या गटात वजनकाटा फसवतो. पाण्यामुळे वजन तेवढेच राहते, कधी वाढतेही, पण दंड आणि मांड्या बारीक होत जातात. घरचे म्हणतात पोट सुटले. प्रत्यक्षात माणूस वाळत असतो.

तिसरा गट पित्ताचा. पित्त पुढे सरकले नाही, की डोळे आणि त्वचा पिवळी होते, लघवी गडद होते, कधी शौचाचा रंग फिका पडतो आणि अंगाला खाज सुटते. पुरळ नसताना सुटणारी ही खाज रात्री वाढते. ओरबाडून जखमा होतात, झोप उडते आणि पहिल्या गटातला थकवा आणखी वाढतो. असे हे गट एकमेकांच्या हद्दीत शिरतात.

चौथा गट मेंदूचा आणि सर्वांत जास्त गैरसमजाचा. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने निकामी करायचा असतो. ते झाले नाही तर तो आणि तशीच इतर द्रव्ये मेंदूपर्यंत जातात. सुरुवातीला दिवस-रात्रीची झोप उलटी होते. मग विसरणे, चिडचिड, अक्षर बिघडणे, पसरलेले हात फडफडणे, विसंगत बोलणे आणि शेवटी गुंगी. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव, शरीरातले पाणी कमी होणे आणि झोपेच्या गोळ्या यांनी हा त्रास उफाळतो. दारू सोडून वर्ष झालेल्या माणसावर पुन्हा पिण्याचा आळ येतो, तो अनेकदा याच टप्प्यावर. वेळेवर ओळखले, तर शौचास साफ होण्याचे ठरावीक औषध आणि मूळ कारणावर उपचार यांनी बरेच रुग्ण भानावर येतात.

पाचवा गट मनाचा. उदासी, काळजी, कशातच रस न वाटणे. दारूमुळे आजार झालेल्या रुग्णाला त्यात अपराधीपणाची जोड असते. मी माझ्या हाताने ओढवून घेतले, मग दुखते हे कोणत्या तोंडाने सांगू, असे त्याला वाटते. न सांगितलेली वेदना बरी होत नाही.

एकाचे औषध, दुसऱ्याचे दुखणे

गट ओळखण्याचा खरा उपयोग उपचारात आहे. पोटातले पाणी डॉक्टरांनी काढले, तर दम, भूक आणि झोप या तिन्हींत फरक पडू शकतो. खाज आटोक्यात आली की रात्रीची झोप परत येते. वेदनेवर नीट उपचार झाले की थकवाही कमी होतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दुखते म्हणून तीव्र वेदनाशामक दिले आणि सोबत शौचास साफ होण्याचे औषध दिले नाही, तर बद्धकोष्ठ होते. बद्धकोष्ठाने अमोनिया वाढतो आणि दोन दिवसांत रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. झोप येत नाही म्हणून दुकानातून आणलेली झोपेची गोळी हेच करू शकते. अंगदुखीच्या नेहमीच्या अनेक गोळ्या सिऱ्हॉसिसच्या रुग्णात मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पॅरासिटामॉलसारखे साधे औषधही किती घ्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. गावठी जडीबुटीच्या काही औषधांनी तर यकृताला थेट इजा होते.

खाण्याचेही तसेच. यकृताचा आजार म्हटला की घरात डाळ, दूध, अंडी बंद होतात. वाळत चाललेल्या रुग्णाला प्रथिनांची गरज उलट जास्त असते. एकदम भरपूर न देता दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे आणि झोपण्याआधी काहीतरी खायला द्यावे, असा सल्ला दिला जातो. कारण खराब यकृत रात्रीपुरती साखर साठवू शकत नाही आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. पोटात पाणी असेल तर मीठ कमी करावे लागते. वऱ्हाडातल्या ताटात लोणचे, पापड आणि ठेचा यांतून बरेच मीठ जाते, हे लक्षात घ्यावे लागते.

रोग्याच्या माणसांचे घर

गाडगेबाबांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. लोकांसाठी मात्र त्यांनी मोठ्या इमारती उभ्या केल्या. १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा झाली. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांना चंद्रभागेकाठी हक्काचे छप्पर मिळाले. १९४९ मध्ये ही धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. लहानपण जेथे गेले त्या मूर्तिजापूर परिसरात १९२५ मध्ये गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालयाचे काम उभे राहिले. नाशिक आणि आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि या साऱ्या कामाला एक चौकट मिळाली.

१९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. ही यात्रेकरूंसाठी नव्हती. गावाकडून उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक कोठे राहतील, काय खातील, या प्रश्नाला ते उत्तर होते. बडनेरा, मूर्तिजापूर किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसून मुंबईला उतरलेल्या शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी असे, पण रात्री पाठ टेकायला जागा नसे. रुग्ण खाटेवर आणि त्याचे माणूस फुटपाथवर, हे दृश्य बाबांना माहीत होते. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषधोपचार ही त्यांच्या दशसूत्रीतली कामे या एका इमारतीत एकत्र आली.

या कामाचा कर्करोगाशी संबंध पुढे आणखी घट्ट झाला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांतल्या अनेकांना दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेत राहायला जागा मिळते. केमोथेरपीची फेरी, तपासणीची तारीख, अहवालाची वाट पाहण्याचे दिवस, हे सगळे अशा छपराखाली निघतात.

रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाला वैद्यकात फार महत्त्व आहे. डॉक्टर रुग्णाला काही मिनिटे पाहतात. रात्री तो किती वेळा उठला, खाज कधी वाढली, जेवताना कितव्या घासाला थांबला, कालपासून नावे विसरतो का, हे सोबतच्या माणसालाच दिसते. यकृताच्या गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार केला, की त्यानंतर काही दिवस ताप, पोटदुखी आणि मळमळ असा एक ठरलेला गट दिसू शकतो. तो बहुधा ओसरतो. पण ताप लांबला किंवा गुंगी आली, तर ती धोक्याची सूचना असते. हा फरक ओळखायला सोबतीचे माणूस जवळ, विश्रांती घेतलेले आणि पोट भरलेले असावे लागते. फुटपाथवर जागलेल्या माणसाला ते जमत नाही.

अशा माणसाने एक वही ठेवली तरी मोठे काम होते. वेदना, थकवा, झोप, भूक, मळमळ, खाज, पोटाचा घेर, शौच आणि मन, या प्रत्येकाला शून्य ते दहा असा रोजचा अंक द्यायचा. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. त्यासमोर त्या दिवशी दिलेली औषधे लिहायची. आठवड्याने कोणते अंक एकदम चढले हे पाहिले, की गट आपोआप दिसतो. रुग्णाला लिहिता येत नसेल तर त्याला विचारून शाळेत जाणारे पोरही हे लिहू शकते. निरक्षर बाबांनी मुलांच्या शाळेसाठी जन्मभर झोळी पसरली. आजारी घरात अक्षराचा उपयोग किती, हे अशा वहीतून कळते.

काही लक्षणांसाठी मात्र वहीची वाट पाहायची नसते. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, पोटात पाणी असताना ताप किंवा पोट दुखणे, लघवी फार कमी होणे, नवा गोंधळ किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

अखेरचे दिवस आणि मागे उरलेले काम

वयाच्या ऐंशीव्या वर्षीही बाबांची भ्रमंती थांबली नव्हती. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले. ते त्यांच्या अखेरच्या कीर्तनांपैकी एक. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबांना मोटारीने अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी शेवटचा श्वास घेतला. अमरावतीत आज गाडगेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात त्यांची समाधी आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले आणि राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही.

बाबांच्या हयातीत हेपॅटायटिस बीचा विषाणू सापडला नव्हता. तो १९६० च्या दशकात अमेरिकेत बारूख ब्लुमबर्ग यांच्या संशोधनातून पुढे आला आणि त्यावर लस निघाली. आज सरकारी लसीकरणात नवजात बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत या लसीचा पहिला डोस देण्याची सोय आहे. यकृताचा कर्करोग टाळणारी ही लस आहे. २०१८ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि उपचार सरकारी आरोग्यसेवेतून देण्यात येतात. हेपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत बरा होतो.

ज्याला सिऱ्हॉसिस झाला आहे, मग तो दारूने असो, विषाणूने असो वा चरबीने, त्याने त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि डॉक्टर सांगतील ती रक्ततपासणी करून घ्यावी, असा नियम आहे. लक्षणे सुरू होण्याआधी सापडलेली लहान गाठ काढता येते, जाळता येते, काहींना यकृत प्रत्यारोपणही करता येते. लक्षणांचा पूर्ण गट दिसेपर्यंत थांबले, तर यांतले अनेक मार्ग बंद झालेले असतात. तेव्हाही वेदना, खाज, दम आणि झोप यांवर उपचार असतात. ते कर्करोगाच्या उपचारांसोबत पहिल्या दिवसापासून मागता येतात आणि मागायला हवेत.

दारू सोडण्याला उशीर झाला, असा टप्पाही नसतो. यकृतातली चरबी आणि सुरुवातीची सूज दारू थांबवल्यावर ओसरू शकते. सिऱ्हॉसिस झाल्यावर दारू सोडणाऱ्याचे आयुष्य पीत राहणाऱ्यापेक्षा वाढण्याची शक्यता असते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असे गंभीर त्रास होऊ शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. घरात कोंडून किंवा शपथ घालून हे काम होत नाही.

गाडगेबाबांनी वऱ्हाडातल्या माणसाला त्याच्या अडचणी एकत्र पाहायला शिकवले. खराटा गटारासाठी होता, प्रश्न डोक्यातल्या कचऱ्यासाठी आणि धर्मशाळा थकलेल्या माणसासाठी. यकृताच्या रुग्णासाठीही तिन्ही गोष्टी लागतात. दारू आणि विषाणू यांपासून बचाव, लक्षणे जोडून पाहणारी नजर आणि सोबत बसणारे माणूस. पुढच्या वेळी घरात कोणाचे पोट फुगले, दंड बारीक झाले आणि रात्रीची झोप उडाली, तर हे तिन्ही त्रास एकाच चिठ्ठीवर लिहून एकाच डॉक्टरांपुढे ठेवावेत.